चॉकलेट स्टाउट चाखायची कशी: थंडीतल्या काळ्या बिअरसाठी टप्प्याटप्प्याने

चॉकलेट स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर. तिच्याबद्दल तक्रारी दोनच येतात. एक, "करपल्यासारखी लागते." दुसरी, "यात चॉकलेट कुठंय?" दोन्ही वेळा बिअर बिचारी बहुधा ठीक असते. बाटली फ्रीजरमधून बर्फासारखी काढलेली असते, समोर मसाला शेंगदाण्यांची बशी असते आणि पहिला घोट लाईट लागरसारखा, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरसारखा, गटागटा जातो. अशा वेळी जिभेला फक्त कडूपणा आणि फेस कळतो, बाकीचं सगळं वाया जातं.

क्रम पाळला तर हीच बाटली वेगळी लागते. तयारीचा वेळ चाखण्यापेक्षा जास्त जाईल, ते गृहीत धरा.

टप्पा १: लेबल नीट वाचा

"चॉकलेट" हा शब्द लेबलवर तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो, आणि त्यावरून काय शोधायचं ते ठरतं.

पहिलं, चॉकलेट माल्ट. हे जवाचं माल्ट असतं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गडद तपकिरी होईपर्यंत भाजलेलं. यात कोकोचा कणही नसतो, नाव पडलं ते रंगावरून आणि वासावरून. धान्य भाजताना जे वासाचे घटक तयार होतात त्यातले काही कोको, कॉफी आणि शेंगदाणे भाजतानाही तयार होतात. म्हणून वास जुळतो.

दुसरं, खरा कोको: कोको बियांचे तुकडे किंवा बिनसाखरेची कोको पावडर. वास जास्त ठळक, पण गोडवा तरीही नाही.

तिसरं, चॉकलेटचा फ्लेवर किंवा एसेन्स. घटकांच्या यादीत तसं लिहिलेलं असतं. वास भसकन वर येतो आणि दोन घोटांत विरतो.

"मिल्क" किंवा "स्वीट" स्टाउट असेल तर त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. बिअरचं नेहमीचं यीस्ट ती खात नाही, त्यामुळे ती तशीच उरते आणि बिअर गोडसर, जाडसर लागते. "विंटर वॉर्मर" म्हणून आलेल्या बाटल्यांत कधी दालचिनी, जायफळ, लवंग असे मसाले घातलेले असतात. तेही आधी बघून ठेवा, नाहीतर लवंगेचा वास आला की दोष समजून बसाल.

सावधान: दूध न पचणाऱ्या माणसाला लॅक्टोज असलेली बाटली देऊ नका. विचारून घ्या.

मद्याचं प्रमाणही इथेच बघा. साध्या स्टाउटमध्ये ते ४ ते ६ टक्के असतं, हिवाळी प्रकारांत ६ ते ८, इम्पीरियल म्हणजे सगळ्यात कडक स्टाउटमध्ये ८ ते १२. ८ टक्क्यांची ३३० मिलीची बाटली म्हणजे साधारण २६ मिली शुद्ध अल्कोहोल. चाखायला माणशी १०० ते १२० मिली पुरतं, म्हणजे एका बाटलीत तिघं. एकट्यासाठी आख्खी बाटली उघडली तर शेवटचा तिसरा भाग चाखला जात नाही, नुसता पिला जातो.

महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, कडक मद्यासाठी २५. जास्त टक्क्यांची स्टाउट असेल तर २५ धरूनच चाला. मद्य पिण्याचा परवाना जवळ असू द्या आणि चाखल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

टप्पा २: आणणं आणि ठेवणं

मराठवाड्यातली खरी गोची इथे आहे. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत, पण दुकानात दिसतात त्या बहुतेक लागर. स्टाउट एखाद्याच दुकानात, त्यातही खालच्या फळीवर धूळ खात पडलेली. हिचा खप कमी, म्हणून ती जुनी असण्याची शक्यता जास्त.

घेताना हे तपासा:

- भरल्याची तारीख. साधी चॉकलेट स्टाउट चारेक महिन्यांच्या आतली असली तर उत्तम. ८ टक्क्यांवरची जड स्टाउट थोडी जुनी झाली तरी तग धरते.
- बाटली तपकिरी हवी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधले (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक बिघडवतो. कॅन असेल तर हा प्रश्नच नाही.
- काचेच्या फ्रीजमध्ये ट्यूबलाइटसमोरची बाटली घेऊ नका. दुकानदाराला खोक्यातली मागा. "साहेब, सगळ्या सारख्याच" म्हणेल, तरी मागा.
- झाकणाच्या कडेला चिकट ओघळ असेल तर परत ठेवा.

लांबून आणत असाल तर डिकीत उघडी टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, आणि बिअरचं आयुष्य उष्णता खाते. थर्माकोलचं खोकं, भोवती ओलं फडकं, एवढं पुरे. घरी आल्यावर बाटली उभी, अंधारात आणि शक्यतो फ्रीजच्या दारात नको, आतल्या बाजूला. आडवी ठेवली तर तळाचा गाळ बाजूला चिकटतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो.

"एकदा गार केली की पुन्हा गरम होऊ द्यायची नाही" असं लोक छातीठोकपणे सांगतात. लाईट जाऊन फ्रीज दोन तास बंद पडला म्हणून बिअर मरत नाही. तिला मारतात ते एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत काढलेले आठवडे.

टप्पा ३: ग्लास, आणि बोअरचं पाणी

ग्लास काचेचा, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता. बिअरचा ट्युलिप ग्लास असला तर छान, नसेल तर वाइनचा ग्लास शंभर टक्के चालतो. स्टीलचा पेला, प्लॅस्टिकचा कप आणि फ्रीजरमध्ये पांढरा केलेला मग, तिन्ही बाद. गोठवलेल्या मगमध्ये बर्फाचा थर वितळून बिअरमध्ये जातो आणि तापमानही घसरतं.

धुण्यात दोन चुका होतात. एक, भांड्यांच्या साबणाचा अंश राहतो आणि फेस लगेच बसतो. दुसरी आपल्याकडची खास: बोअरचं जड पाणी. ते सुकलं की ग्लासावर क्षाराचे पांढरे ठिपके आणि धुरकट थर राहतो, त्यावर बुडबुडे चिकटून बसतात.

असं करा. ग्लास साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळखळून काढा. मग एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस कपभर पाण्यात घालून ग्लास आतून फिरवा, पाच मिनिटं ठेवा. शेवटचं पाणी आरओचं किंवा पिण्याचं. पुसू नका. पंच्याचे धागे आणि कपाटाचा वास दोन्ही ग्लासात उतरतात. जाळीवर पालथा घालून वाळू द्या.

तपासा: ओल्या ग्लासात आतून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर स्वच्छ. थेंब-थेंब तुटून राहिलं तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

टप्पा ४: जीभ आणि खोली

तंबाखू, गुटखा, पान, मिश्री यातलं काही असेल तर चाखण्याआधी किमान एक तास तोंड स्वच्छ हवं. चहा-कॉफीला अर्धा तास पुरतो. दात घासल्यावरही तेवढंच थांबा.

ठेचा किंवा काळ्या मसाल्याचं झणझणीत कालवण खाऊन लगेच बसलात तर खेळ संपला. मिरचीने पेटलेल्या तोंडाला भाजलेल्या माल्टचा कडूपणा दुप्पट टोचतो. जेवण साधं ठेवा, किंवा दोन तास आधी उरका. उपाशीपोटीही बसू नका.

खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनाइल, अत्तर नको. फोडणीच्या वासात चाखणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून तंबोरा लावणं. खिडकी उघडा, अर्धा तास हवा खेळू द्या.

टेबलावर साधं पाणी आणि ज्वारीची भाकरी ठेवा. बिनमिठाची, थंड, तुकडे केलेली. बिअर चाखणारे जीभ पुसायला पाव किंवा फिका बिस्किटाचा तुकडा वापरतात. भाकरी त्याहून बरी, कारण तिला तेल नाही, साखर नाही आणि खमिराचा वासही नाही. चकणा मात्र पूर्ण बंद. तो शेवटी.

टप्पा ५: वासाच्या वाट्या

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग "काहीतरी वेगळं लागतंय" यापलीकडे शब्द सुचत नाहीत. नाकाला ओळख आधी द्यावी लागते.

सहा छोट्या वाट्या घ्या, प्रत्येकीवर बशी झाका:

१. अर्धा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, त्यावर ५० मिली कोमट पाणी. ड्रिंकिंग चॉकलेट चालणार नाही, त्यात बहुतेक साखरच असते.
२. पाव चमचा इन्स्टंट कॉफी, तेवढंच पाणी.
३. चमचाभर काकवी. नसेल तर काळा गूळ पाण्यात विरघळवून.
४. मूठभर भाजलेले शेंगदाणे, टरफलासकट चुरडून.
५. दोन खजूर आणि चार काळ्या मनुका, कापून.
६. भाकरीचा तव्यावर काळा होईपर्यंत जाळलेला तुकडा.

पहिल्या वाटीतलं कोकोचं पाणी जरा चाखूनही बघा. कडू, कोरडं, मातकट. बिअरमधलं चॉकलेट म्हणजे हेच. दुकानातल्या दुधाळ वडीची चव शोधत बसलात तर रात्रभर सापडणार नाही, कारण ती चव अर्धी साखरेची आणि अर्धी दुधाची असते. हे एकदा जिभेला पटलं की निम्मी तक्रार मिटते.

सहावी वाटी दोषासाठी आहे. भाजलेलं आणि करपलेलं यातली रेघ तिच्यावरून कळते. हुरड्याच्या आगटीत कणीस बरोबर भाजलं तर गोडसर धुरकट वास येतो आणि जरा विसरलं तर राख चावल्यासारखं लागतं, तोच फरक.

टप्पा ६: तापमान

सगळ्यात जास्त चुका इथेच.

घरच्या फ्रीजमधली बाटली साधारण ४ अंशांवर असते. चॉकलेट स्टाउट चाखायला १० ते १३ अंश हवेत, ८ टक्क्यांवरच्या जड बिअरला त्यातलं वरचं टोक. फार गार असली की वासाचे घटक वर उडत नाहीत, जिभेला गोडवा कमी कळतो, वायू जास्त बोचतो. गोडवा झाकला गेला की कडूपणा एकटाच उघडा पडतो. "करपल्यासारखी" ही तक्रार तिथून येते.

३३० मिलीच्या बाटलीला टेबलावर अंदाजे एवढा वेळ द्या:

- डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ, खोली २४ अंशांच्या आसपास: ३० ते ३५ मिनिटं
- मे महिना, खोली ३६ अंश: १५ ते २० मिनिटं
- ५०० मिलीची बाटली: वरच्या वेळेत दहा मिनिटं मिळवा
- कॅन: पाच-सात मिनिटं कमी

स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर ओतल्यावर ग्लासात बुडवून बघा, अंदाजावर राहू नका. परभणीला पारा एक आकडी उतरतो त्या दिवसांत फ्रीजची गरजच नाही. रात्रभर ओसरीवर सावलीत ठेवलेली बाटली पहाटे जवळपास हव्या त्या तापमानाला असते. उन्हं यायच्या आत घरात घ्या.

सावधान: घाईत फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका. ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांना गोठू लागते, फुगते आणि बाटली फुटते. आणि ऊब द्यायला गरम पाण्यात बुडवू नका, बाहेरचा थर तापतो, आतला गारच राहतो, वर उघडताना फेस उसळतो.

टप्पा ७: ओतणं

ग्लास ४५ अंशांत तिरका. बाटलीचं तोंड ग्लासाच्या कडेला न टेकवता मध्यम धारेने निम्म्यापर्यंत ओता. मग ग्लास सरळ करा आणि मधोमध धार सोडा, वर दोन बोटं फेस येईपर्यंत. काठापर्यंत भरू नका. ग्लासाचा वरचा तिसरा भाग रिकामा हवा, वास तिथेच साठतो.

फेस येऊच नये म्हणून पूर्ण तिरका ओततात, ती चूक. फेस फुटताना वास वर येतो, आणि जास्तीचा वायूही निघून जातो.

बाटलीत तळाला गाळ असेल तर शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडा. "नायट्रो" (नायट्रोजन वायू भरलेला) लिहिलेला कॅन मात्र उलटा नियम पाळतो: उघडल्याबरोबर जवळजवळ पालथा करून जोरात ओता. हळू ओतलात तर मलईदार फेस येत नाही.

टप्पा ८: बघणं

यात अर्धं मिनिट घाला, जास्त नको. ग्लासामागे मोबाइलचा टॉर्च धरा. बहुतेक स्टाउट काळ्या दिसतात पण कडेला माणकासारखी लाल झाक असते. फेस पांढरा नसतो, चहातल्या सायीपासून बदामी तपकिरीपर्यंत असतो.

खरा कोको घातलेल्या बिअरचा फेस लवकर बसला तर लगेच ग्लासाला दोष देऊ नका. कोको बियांमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते आणि चरबी फेसाची वैरी. कोको नसताना फेस मेला, तर टप्पा ३ पुन्हा वाचा.

टप्पा ९: वास

ग्लास नाकापासून वीतभर लांब धरून तोंडासमोरून एकदा फिरवा. पहिल्यांदा जे जाणवेल तो शब्द लगेच लिहा, चुकीचा का असेना. मग ग्लास हलकेच गोल फिरवा, तळहाताने तोंड दहा सेकंद झाका, हात काढा आणि दोन-तीन आखूड हुंगण्या घ्या. लांब श्वास ओढू नका, नाक तिसऱ्या श्वासाला थकतं. थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्या. विचित्र दिसतं, पण त्याने नाक मूळ पदावर येतं.

आता वाट्यांकडे वळा. कोको की कॉफी? शेंगदाणे की काकवी? एका वेळी एकच प्रश्न. बिअर, वाटी, बिअर असं.

टप्पा १०: घोट

पहिला घोट मोजू नका, तो तोंड तयार करायला. पाणी, भाकरीचा तुकडा, पुन्हा पाणी.

दुसरा घोट चमचा-दीड चमचा. जिभेवर पसरू द्या, पाच सेकंद थांबा, गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर मात्र गिळावी लागते, कारण कडूपणा घशाजवळ नंतर उमलतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. चॉकलेट सापडतं ते बहुधा या उच्छ्वासात. जिभेवर ते शोधणं व्यर्थ, कारण कोकोचा मोठा भाग वासच आहे.

मग वीस सेकंद काही करू नका. आधी काय आलं, मध्ये काय, शेवटी तोंडात काय उरलं ते पाहा.

इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. कडू म्हणजे कारलं. तुरट म्हणजे कच्चं केळं, जांभूळ, सुपारी: हिरड्या आवळल्या जातात, जीभ खरखरीत होते. चांगल्या चॉकलेट स्टाउटमध्ये कडूपणा ठळक आणि तुरटपणा किंचित असतो. तुरटपणाच पुढे आला तर भाजलेलं धान्य जास्त पडलं किंवा फार गरम पाण्यात उकळलं गेलं, असं समजा.

तिसरा घोट फक्त बिअरच्या अंगासाठी, म्हणजे दाटपणासाठी: पातळ ताकासारखी की साय आल्यासारखी? घशाखाली ऊब जाणवते का? ६ टक्क्यांपुढे ती जाणवायला हवी, पण जळजळ नको.

टप्पा ११: तोच ग्लास, वीस मिनिटांनी

निम्मा ग्लास राखून ठेवा. १५-१६ अंशांवर आला की पुन्हा वास आणि एक घोट. कॉफी मागे सरते, काकवी, खजूर, मनुका पुढे येतात. बिअरमधला दोषही आता लपत नाही, म्हणून निकाल याआधी देऊ नका. एसेन्सवाली बिअर इथे बहुधा उघडी पडते: चॉकलेटचा वास उडून जातो आणि खाली साधी, पोकळ बिअर उरते.

एका बैठकीत तीनच बिअर, फार तर चार. हलकी आधी, जड नंतर, मसाल्याची किंवा गोड सगळ्यात शेवटी.

बिघडली आहे की अशीच असते?

- ओला पुठ्ठा, जुनी वही: हवा लागून शिळी झालीय.
- सोया सॉस: फार जुनी, यीस्ट मरून विरघळलंय. काळ्या बिअरमध्ये हा वास "खोल चव" म्हणून खपवला जातो, खपवून घेऊ नका.
- लोणी, बटर पॉपकॉर्न: आंबवणं नीट पुरं झालं नाही.
- हिरवं सफरचंद: बहुधा कच्ची असतानाच बाटलीत भरलेली.
- व्हिनेगर किंवा आंबलेलं दही, उघडताच फेस उसळणं: जंतू शिरलेत, ओतून द्या.
- जळक्या रबरासारखा गंधकी वास: बाटलीला उजेड लागलाय.
- कॉफीसारखी हलकी आंबट झाक: दोष नाही. भाजलेलं माल्ट मुळात थोडं आंबट असतं.

आता चकणा

चाखून, लिहून झालं की मग खा. कुंथलगिरीचा पेढा मिल्क स्टाउटसोबत जमतो, कारण खव्याचा भाजका गोडवा कोकोला धरतो. कोरड्या, कडू स्टाउटला पेढा दिलात तर ती आणखी कडू लागेल, तिच्यासोबत खारे भाजलेले शेंगदाणे किंवा कोळशावरचं मटण. नानखटाई दोन्हींशी पटते. शेवभाजी आणि मिरचीची भजी लागरसाठी ठेवा.

उरलेली बिअर झाकण लावून ठेवण्यात अर्थ नाही, उद्यापर्यंत वायू जातो आणि पुठ्ठ्याचा वास सुरू होतो. ग्लास मात्र त्याच रात्री विसळा. काळ्या बिअरचा थर वाळला की तळाशी तपकिरी कडं धरतं, आणि त्यावर बोअरचं पाणी सुकलं तर घासणीनेही निघत नाही.